नव्या सायकलीशी ओळख

एकदा आलेली सायकल जन्मात विसरत नाही, असे म्हणतात. ते खरेही आहे. परंतु ट्रायथलॉनची सायकल हाती आली, की अंगवळणी पडलेली ही विद्या काही दिवस परकी होते. वर्षानुवर्षे सायकल हाकणारा धट्टाकट्टा तरुणही तिच्यावर प्रथम बसतो, तेव्हा पाच वर्षांच्या पोरासारखा डुगडुगतो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, या तिन्हींची सलग शर्यत. तिचा ‘आयर्नमॅन’ हा कठोर प्रकार १९७८ साली हवाई बेटांपैकी ओआहूवर प्रथम झाला. १५ जण उतरले. १२ जणांनी ती पुरी केली. ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर ४२.२ किलोमीटर धावायचे! याच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ साली गोव्यातही झाली.

या शर्यतीत पुढच्या स्वाराच्या पाठीआड राहून वारा चुकवण्यास मनाई असते. ज्याचा वारा त्याने सोसावा. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. आणि त्यातला मोठा वाटा सायकलीमुळे नव्हे, तर स्वाराच्या देहामुळे येतो. म्हणून ही सायकल स्वारालाच वाकवते. हँडलच्या मधून दोन दांडे पुढे आलेले असतात आणि त्यांच्या मागे दोन लहान गाद्या. गाद्यांवर कोपरे टेकायची, दांडे धरायचे, पाठ आडवी करायची.

खरी पंचाईत पुढेच आहे. ब्रेक असतात बाहेरच्या मुठींवर. दांडे धरलेल्या बोटांना ते लागतच नाहीत. गिअरची कळ मात्र दांड्याच्या टोकाशी! म्हणजे धावण्याची सोय बोटांपाशी आणि थांबण्याची दूर. शिवाय दोन्ही हात जवळजवळ आल्याने जरासा धक्काही पुढच्या चाकाला वाकडे नेतो. वडाच्या रांगेआडून उघड्या माळावर येताच वारा बाजूने झोंबतो, तेव्हा तर छातीत धस्स होते.

शहाणा स्वार घाई करीत नाही. आधी घरीच, मागचे चाक घोडीवर बसवून, तो मानेला व पाठीला त्या बैठकीची सवय लावतो. मग पहाटेच्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर दहा श्वासांपुरते कोपर टेकतो आणि पुन्हा मुठी धरतो. दहाचे वीस होतात. मान भरून येते, खांदे ठणकतात. पण हळूहळू घट्ट आवळलेली मूठ सैल पडते, आणि मूठ सैल पडली की सायकलही सरळ चालू लागते.

असे वाकण्याने काय साधते, हे १९८९ साली फ्रान्समध्ये दिसले. ‘टूर द फ्रान्स’च्या अखेरच्या टप्प्यापूर्वी अमेरिकेचा ग्रेग लेमॉन्ड ५० सेकंदांनी मागे होता. ट्रायथलॉनमध्ये रूढ झालेले असलेच दांडे त्याने सायकलीला लावले होते. व्हर्साय ते पॅरिस हे २४.५ किलोमीटर अंतर कापून त्याने ती सबंध शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली! प्रतिस्पर्धी फिन्यों असे दांडे न लावता, उघड्या डोक्याने धावला होता. विजय केवळ दांड्यांचा नव्हे, पायांचाही. पण ८ सेकंद म्हणजे किती थोडे!

मात्र चौक आला, गुरे आडवी आली, की जाणता स्वार गाद्यांवरून उठतो आणि त्याची बोटे ब्रेकवर जातात. रस्ता मोकळा होतो. तो पुन्हा वाकतो आणि एक दिवस, एक हात सोडून, डुगडुगल्यावाचून बाटलीतले पाणी पितो.