पहिला परदेश, गॉलचा

आमच्या विहारात पौर्णिमेची वंदना आटोपली की चहा होतो आणि चहावर गप्पा. अशाच एका पौर्णिमेला विषय निघाला. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आपण वर्गणी काढून करून आलो; आता एकदा समुद्रापलीकडे का जाऊ नये? तरुणांनी दुबई सुचवली, कोणी बँकॉक. आम्ही श्रीलंकेतील गॉलचे नाव काढले तेव्हा 'तिथे क्रिकेटचे मैदान आहे ना?' एवढीच ओळख निघाली.

मैदान आहेच, किल्ल्याच्या तटाला लागून. किल्ला पोर्तुगीजांनी १५८८ साली बांधायला घेतला, १६४० मध्ये डचांनी जिंकला आणि दगडी तटांनी मजबूत केला. तीन बाजूंनी समुद्र, तटावर पांढरे लाइटहाऊस, आत अरुंद गल्ल्या, मशीद, चर्च आणि बाहेरून चर्चसारखाच दिसणारा सुधर्मालय विहार. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचे शहर वाहून गेले, पण तटाच्या आतला भाग बराचसा वाचला.

पण नुसते समुद्र पाहायला जायचे तर आपल्याला अलिबाग जवळ आहे. गॉलचे महत्त्व वेगळे आहे. मे १८८० मध्ये कर्नल ऑल्कॉट आणि मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांनी याच शहरातील विजयानंद विहारात जाहीरपणे पंचशील घेतले. त्यानंतर त्या बेटावर बौद्धांच्या स्वतःच्या शाळा उभ्या राहू लागल्या. गॉलचे महिंद कॉलेज १८९२ चे. याच ऑल्कॉट यांच्याबरोबर १८९८ मध्ये मद्रासहून पंडित अयोतीदास सिलोनला गेले आणि बौद्ध झाले. आणि मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते, हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे. ते गॉलला नव्हे, कँडी-कोलंबोला गेले होते.

एवढे ऐकून घेतल्यावर कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला, 'काका, तिथल्या बौद्धांतही जात आहे. मग आपण तिथे पाहायचे काय?'

प्रश्न खरा होता. लपवण्यात अर्थ नव्हता. १७५३ मध्ये सयामहून भिक्खू बोलावून तिथे उपसंपदा पुन्हा सुरू झाली आणि काही वर्षांतच ती गोयिगम या वरच्या, जमीनदार जातीपुरती राखली गेली. ती चाल अजून पुरती मिटलेली नाही. दक्षिण किनाऱ्यावर दालचिनी सोलणारी सलागम जात. त्यांच्या पोरांना संघाचे दार बंद. तेव्हा त्यांच्यातला एक श्रामणेर साथीदारांसह १७९९ मध्ये गलबतात बसला, ब्रह्मदेशात अमरपूरला गेला, तिथे उपसंपदा घेऊन परत आला. १८०३ मध्ये बलपिटिय गावी मादु नदीच्या पाण्यावर त्यांनी स्वतः उपसंपदा दिली. तोच अमरपुर निकाय. आणि हे बलपिटिय कोलंबोहून गॉलला जाणाऱ्या रेल्वेवरच आहे! आम्ही त्याला म्हटले, ते पाहायचे. त्या निकायातही पुढे जातीचे तट पडले, हेही सांगून टाकले. मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही. पण वर्गणी त्याने दिली.

मार्ग असा ठरला. मुंबई ते कोलंबो विमान अडीच तासांच्या आसपास. मग फोर्ट स्टेशनवरून (होय, तिथेही फोर्टच!) गॉलची गाडी, अंदाजे अडीच-तीन तास. जाताना उजवीकडची खिडकी धरायची. कितीतरी वेळ समुद्र रुळाला खेटून असतो. कळुतरचा स्तूप आणि बोधिवृक्ष, मग बलपिटिय. हिक्कडुवच्या अलीकडे पेरलिय येते. २००४ मध्ये लाटेने तिथे अख्खी गाडी उलटवली, हजारावर माणसे गेली. तिथे आम्ही गप्प बसणार आहोत.

मे ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर पावसाळा असतो, म्हणून जानेवारी धरला आहे. त्यातही पौर्णिमा साधायची. तिथे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद. आमच्या दोघा-तिघांना हे आधीच सांगून ठेवले आहे. विहारात गुडघे-खांदे झाकलेले कपडे हवेत आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

पैशांसाठी माणशी दोन हजारांची भिशी अठरा महिने चालवली. पासपोर्टला दीड हजार फी. श्रीलंकेसाठी ई.टी.ए. हा परवाना इंटरनेटवरून निघतो. त्याचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटाआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे, एजंटाच्या तोंडावर विसंबू नये.

खरे अडले ते कागदांवर. आमच्या मातोश्री अडुसष्ट वर्षांच्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. माहेरचे नाव सखू, लग्नात ठेवलेले शकुंतला. आधारवर एक, बँकेच्या पुस्तकावर दुसरे. आम्ही जन्मभर लोकांचे अर्ज भरून दिले आणि घरचाच अर्ज परत आला! शेवटी राजपत्रात नावाची नोंद केली, आधार दुरुस्त केले, पुन्हा अर्ज भरला. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे कागद आधी काढून पाहा, तिकिटाचे नंतर.

मातोश्रींना भाषेची धास्ती होती. तिथे सिंहली बोलतात, आपल्याला कोण विचारणार? आम्ही सांगितले, वंदना पालीतच असते, पंचशील तेच. ते लोक त्याला 'पन्सिल' म्हणतात. त्या खूप हसल्या. 'पेन्सिल हातात धरली नाही कधी, पण पन्सिल पाठ आहे,' म्हणाल्या.

पोलीस चौकशी झाली आहे. पासपोर्ट अजून आलेला नाही. पांढरी साडी मात्र इस्त्री करून ट्रंकेत ठेवली आहे आणि पोस्टमन गल्लीत आला की त्या दारात जाऊन उभ्या राहतात.