पैसे मोजले, पण पुरावा?

नोकरी बदलली आणि जुन्या ऑफिसचा ई-मेल बंद झाला. माझं ई-पुस्तकांचं खातं त्याच पत्त्यावर होतं. मोबाइल नंबरही तोवर बदललेला. ओटीपी येणार कुठे? पदरचे पैसे मोजून, निवडून निवडून घेतलेली पुस्तकं मला उघडता येईनात.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलत होता, पण त्याचा हेका एकच : "मॅडम, खरेदीचा पुरावा पाठवा." बँकेचं स्टेटमेंट काढलं. त्यात तारीख, रक्कम, कंपनीचं नाव आणि यूपीआयचा बारा आकडी क्रमांक होता. पुस्तकाचं नाव कुठेच नव्हतं. पैसे मी भरले एवढंच त्यातून कळत होतं, कोणत्या खात्यासाठी ते नाही. आधार कार्ड दाखवायची माझी तयारी होती. पण खातं उघडताना आधार मागितलंच नव्हतं, मग ते ताडून बघणार कशाशी?

अखेर कामी आली ती जीएसटीची बिलं. जुन्या लॅपटॉपवर त्यांच्या काही पीडीएफ सापडल्या. ऑर्डर क्रमांक, पुस्तकाचं नाव, माझं नाव, सगळं एकाच पानावर! तारीख आणि रक्कम स्टेटमेंटशी जुळली आणि खातं नव्या ई-मेलला जोडून मिळालं.

मग मी अटी नीट वाचल्या. मला मिळाला होता तो पुस्तक वाचण्याचा परवाना, तोही दुसऱ्याच्या नावावर न करता येणारा. छापील पुस्तक मी मैत्रिणीला देऊ शकते, विकू शकते, लेकीसाठी ठेवू शकते. इथे यातलं काहीच नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, विकतोय तो फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगणं विक्रेत्यांना बंधनकारक झालं. आपल्याकडेही पैसे भरण्याआधी हे ठळक अक्षरांत दिसायलाच हवं.

तोवर एवढं तरी करा. प्रत्येक खरेदीचं बिल त्याच दिवशी उतरवून त्या खात्याबाहेर जपून ठेवा, आणि खातं स्वतःच्या ई-मेलवरच काढा. जिथे फाइल कायमची उतरवून घेता येते, तिथूनच पुस्तक घ्या.