पहिल्या वर्षाची पोरं

पवई,
रविवार

प्रिय छोट्या,

तुझ्या कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरं तुझ्याकडे सोपवलीत, हे आईकडून कळलं. फार आनंद झाला. इथं आयआयटीत मी हेच काम करते. डझनभर नव्या पोरापोरींमागे एक मेंटर असतो. एआयसीटीईनं सुरुवातीचा तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सगळ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांना घालून दिलाय, पण मेंटरची खरी गरज पहिल्या परीक्षेचे पेपर हातात पडल्यावर लागते.

मराठी माध्यमातलं पोर ‘समजलं’ म्हणालं की तिथं थांबू नकोस. चारचौघांत इंग्रजीत विचारायची धास्ती असते, म्हणून ते मान डोलावतं. त्याच्या हातात पेन्सिल दे.

माझ्याकडच्या एका मुलीला ड्रॉइंगमध्ये वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली का काढायचं, हे उमगत नव्हतं. मी कागद काटकोनात दुमडला. एक भाग भिंत, एक जमीन. मधे साबणाची वडी ठेवली. समोरून पाहिलं की आकार मागच्या भिंतीवर पडतो, वरून पाहिलं की खाली जमिनीवर. दोन्ही तिनंच काढले. मग वडी उचलून कागद सपाट केला, तर वरून दिसणारं चित्र आपसूक खाली! पुढची शीट तिनं एकटीनं केली. मी काढून दिली असती तर दर शीटला ती माझ्या दारात उभी राहिली असती.

तुझ्याकडची अडचण मात्र निराळी आहे. कोऱ्हाळे, होळ, आपलं वडगाव इथून एसटीनं येणारी पोरं कॉलेज सुटलं की स्टँड गाठतात. संध्याकाळी हॉस्टेलवर बसवलंस तर ज्यांना गरज, तीच गळतील. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत त्यांच्यासोबत बस. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की रात्री उसाला पाणी देऊन सकाळी वर्गात पेंगणारा एखादा असेलच. त्याला आळशी ठरवण्याआधी घरचं विचार.

आणि कुणी जेवेनासं, बोलेनासं झालं तर ते ओझं एकट्यानं वाहू नकोस. आम्ही इथं सरळ स्टुडंट वेलनेस सेंटरला घेऊन जातो. तू त्याच दिवशी तुमच्या कॉलेजच्या सरांना गाठ.

गणितात बहुतेकांचं इंटिग्रेशन अडेल, कारण बारावीचाच पाया कच्चा असतो. माझ्या बारावीच्या वह्या माळ्यावरच्या पेटीत आहेत. आईला सांगून काढून घे, आणि त्यांना वापरू दे.

तुझी,
ताई