देश विसापूरला उतरला

बल्लारशाह हे नाव देशातल्या कितीतरी माणसांनी ऐकलेलं आहे, पण बहुतेकांनी अर्धवट झोपेत. दिल्लीहून दक्षिणेकडे निघालेली गाडी इथं थांबते. खिडकीशी चहावाल्याची हाक येते, कुणीतरी पाण्याची बाटली भरून घेतं, आणि गाडी तेलंगणाच्या दिशेनं निघून जाते. स्टेशनबाहेर बल्लारपूर नावाचं आमचं गाव आहे, वर्धेकाठी गोंडराजांचा किल्ला आहे, हे बघायला कोण कशाला उतरणार?

आमच्या मुलखाची रीतच अशी की इथून सगळं जातं. जमिनीखालचा कोळसा जातो, मिलमधला कागद जातो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. ती वीज तारांवरून राज्यभर जाते आणि धूर तेवढा इथं राहतो. २०२३च्या मार्चमध्ये इथलं सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी निघालं, तेव्हा शोभायात्रेला रस्त्याच्या दोन्ही कडांना माणूस मावत नव्हता. लोकांनी त्या लाकडावर फुलं उधळली. त्याच वर्षाच्या शेवटी मात्र उलटं घडलं. देश इथं आला.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात ६७वी राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावरच्या विसापूरला, तालुका क्रीडा संकुलात भरली. एकोणीस वर्षांखालची मुलं-मुली, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली. पाठीवर राज्याचं नाव लिहिलेल्या जर्सी घालून ती बल्लारपूरच्या बाजारातून हिंडू लागली आणि ओळखीच्या रस्त्यांवर अनोळखी भाषा ऐकू येऊ लागल्या. तर्री-पोह्याच्या गाडीवर दोन उंच पोरी प्लेट हातात धरून उभ्या होत्या. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, तरी दोघींनी पुन्हा तर्री मागितली. गाडीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मैदानावर माझा जीव सर्वांत जास्त रमला तो बांबूउडीपाशी. खेळाडू आधी धावपट्टीवर टाचेला पंजा लावत पावलं मोजतो, बाजूला चिकटपट्टीची खूण करतो, काठीवरची पकड दोन-तीनदा बदलून बघतो. मग बराच वेळ काहीच करत नाही. नुसता आडव्या दांडीकडे बघत राहतो. धावत सुटला की शेवटच्या पावलाला काठी खाचेत रुतते, कमानीसारखी वाकते, आणि ती सरळ होता होता पोरगा पाय आभाळाकडे करून वर गेलेला असतो. आता ही काठी फायबरग्लासची असते. पण १९४२ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं ४.७७ मीटरचा जागतिक विक्रम केला, तो बांबूच्या काठीवर. चंद्रपूर-गडचिरोली हा तर बांबूचाच मुलूख. आमच्या बुरडांनी त्याच्या टोपल्या विणल्या, ताटवे विणले, मिलनं त्याचा लगदा केला. त्या बांबूच्या नावाचा खेळ आमच्या दारात पहिल्यांदा बघताना मला भरून आलं.

शेजारी मिलमधून निवृत्त झालेले एक काका बसले होते. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्या दुरून लेकरं आले जी. आपले कुठं हायेत याच्यात?"

महाराष्ट्राचा संघ मैदानावर होता. पण काका विचारत होते ते आमच्या जंगलातल्या तालुक्यांबद्दल: जिवतीबद्दल, भामरागडबद्दल, एटापल्ली आणि कोरचीबद्दल. १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण आमच्या बोलण्यात अजून दोन्हींचं जंगल एकच आहे. त्या जंगलातली पोरं शाळेला चालत जातात, मोहफुलं वेचायला पहाटे उठतात, तेंदूच्या हंगामात आईबापांबरोबर रानात असतात. दम त्यांच्या अंगात आहे, आणि ही नुसती आपली माया बोलत नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची पाच मुलं 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर पोचली. मनीषा धुर्वे आणि तिचे चार सोबती. त्याआधी बर्फ त्यांच्या गावीही नव्हता. निवड झाली, नीट प्रशिक्षण मिळालं, पोटभर आणि योग्य खायला मिळालं, आणि पोरं जगाच्या माथ्यावर उभी राहिली.

स्पर्धेच्या त्या आठवड्यानं आणखी एक सुख दिलं. वर्तमानपत्रात आमचं नाव येतं ते वाघानं माणूस मारला म्हणून, पारा सत्तेचाळीसवर गेला म्हणून, प्रदूषणाच्या यादीत वर आलो म्हणून. गडचिरोलीचं येतं ते चकमकीच्या बातमीत. ते काही खोटं नसतं. पण तेव्हा काही दिवस विसापूरचं नाव क्रीडापानावर होतं आणि त्या मजकुरात फक्त सेकंद आणि मीटर होते.

स्पर्धा संपली, मुलं आपापल्या गाड्यांनी गेली. संकुलातली धावपट्टी मात्र कुठं गेली नाही, कोळशासारखी किंवा सागवानासारखी ती वॅगनमध्ये भरून नेता येत नाही. म्हणूनच तिची काळजी वाटते. चंद्रपूरच्या उन्हात सिंथेटिक पट्टी सकाळीच तापू लागते. सराव करायचा तर पहाटे आणि दिवेलागणीनंतर, म्हणजे दिवे लागले पाहिजेत आणि फाटक उघडं राहिलं पाहिजे. भामरागडच्या पोरीला इथवर यायचं तर येण्याजाण्यातच दिवस मोडतो, म्हणजे तिची राहण्याची सोय हवी, दोन वेळचा सकस डबा हवा, आणि बदली होऊन वर्षभरात निघून न जाणारा प्रशिक्षक हवा. उद्घाटनाच्या मांडवाला लागला त्यापेक्षा जास्त खर्च यात नसावा. जास्त लागला तरी तो करण्यासारखा आहे.

आपल्यापैकी कुणी शिक्षक असेल, कुणी मुख्याध्यापक, कुणी नुसताच बाप किंवा आई. आपापल्या शाळेतली, टोल्यावरची धावणारी पोरं हेरा आणि त्यांना एकदा विसापूरला घेऊन या. फाटक बंद दिसलं तर ते उघडून मागा. ते आपल्याच लेकरांसाठी बांधलेलं आहे.