उणे २८ मधली संक्रांत

१४ जानेवारी, विनिपेग. पारा उणे २८. सकाळचे आठ वाजले तरी बाहेर काळोखच. आम्ही दोघं बसने फूड बँकेत पोचलो. ही बटाटे निवडायला बसली, मी पिशव्या भरू लागलो. माल उतरवायला दार उघडलं की बोटं बधिर व्हायची.

दुपारी हिने डब्यातला तिळगूळ रांगेतल्या एका आजींच्या हातावर ठेवला. त्यांनी हिचे गारठलेले हात कितीतरी वेळ आपल्या हातांत धरून ठेवले.

परतताना गोठलेल्या रेड नदीवरून चाललो. पायाखाली बर्फ करकरत होता आणि डोळ्यांपुढे मुरुडची ओली वाळू, राजपुरीहून जंजिऱ्याला निघालेली शिडाची होडी. घर दूर आहे. पण आज परकं काहीच वाटलं नाही.