अंगठा रुसला, फुगडी अडली!

अंगठा म्हटलं की आपल्याला अंगठेबहाद्दर आठवतो, नाहीतर दिवसभर मोबाइल स्क्रोल करणारा हाताचा अंगठा. पायाच्या अंगठ्याला विचारतं कोण? ठेच लागेपर्यंत कोण्णी नाही! आमच्या घरात मात्र वर्षभर तोच सेलिब्रिटी आहे. आईच्या उजव्या पायाचा.

आई, वय वर्षं चोपन्न, तिच्या मंगळागौर ग्रुपचा हुकमी एक्का. झिम्मा, पिंगा सगळंच येतं, पण खासियत बसफुगडी. त्यात अख्खं वजन चवड्यांवर आणि अंगठे पार मुडपलेले. दुखायला लागल्यावर सोसायटीतल्या काकू मंडळींनी एकमुखाने निदान केलं : यूरिक अॅसिड! झालं, टोमॅटो बंद, डाळी बंद.

पण गाऊटचा अॅटॅक एका रात्रीत येतो. अंगठा लालबुंद, गरम, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. आईचं प्रकरण महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलेलं. अंगठा वरच्या बाजूला वळेचना आणि त्याच्या बुडाशी एक टणक उंचवटा. उभं राहून एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितलं, हॅलक्स रिजिडस. जादूगाराचा मंत्रच वाटला मला!

फंडा सिंपल आहे. चालताना टाच उचलली की अंगठा मुळाशी वाकतो आणि शरीराचा भार त्याच्यावरून पुढे जातो. तिथली कूर्चा झिजली की कडेला जादा हाड वाढतं आणि दारात पाचर ठोकावी तसा अंगठा अडतो. पायातला हा सर्वांत कॉमन संधिवात. बास्केटबॉलवाल्या शकील ओनीललाही २००२ मध्ये याच दुखण्यासाठी अंगठ्याचं ऑपरेशन करावं लागलं होतं.

उपाय म्हणजे सांधा कमी वाकवायचा. कडक तळव्याचे, पुढून ऐसपैस, रॉकर सोलचे शूज. पातळ चपला, हील्स बाद. हे सल्ले घरातही बूट घालणाऱ्यांसाठी ठीक, पण आपण घरात अनवाणी, तेही टाइल्सवर! शेवटी स्वयंपाकघरासाठी वेगळी जोडी आणली. आजीचा चेहरा बघण्यासारखा होता. गोळ्या आणि इंजेक्शनने दुखणं दबतं, झिजलेली कूर्चा परत येत नाही.

मग ऑपरेशन. चायलेक्टमीत वाढलेलं हाड तासतात. अंगठा वाकतो, पण झीज पुढे चालू राहू शकते. फ्यूजनमध्ये सांधाच कायमचा जोडून टाकतात, दुखणं बहुतेक जातं. अमेरिकेत २०१६ मध्ये कृत्रिम कूर्चेच्या एका इम्प्लांटला मान्यता मिळाली होती. कंपनीने २०२४ मध्ये ते परत मागवलं. त्यामुळे मी त्या वाटेला गेलेच नाही.

‘‘फ्यूजन केलं तर बसफुगडी?’’ आईचा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी सरळ मान हलवली.

माझं मत स्पष्ट होतं. आई, रोज बिनदुखणं चालायला मिळतंय ना, मग फुगडी गेली उडत! ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. झीज मधल्या टप्प्यावर आहे, चायलेक्टमी करून बघायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि तिने लगेच होकार देऊन टाकला. पुढे फ्यूजन लागलंच तर तोही मार्ग खुला राहतो.

तारीख श्रावणानंतरची घेतलीय. तोपर्यंत ग्रुपमध्ये ती फक्त गाणी म्हणणार आहे, रॉकर सोल घालून, नऊवारीवर.