सवाल, सौदा आणि लिलाव



भाद्रपद जवळ आला की आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत एक शब्द सारखा कानावर पडतो, 'सवाल'. "पंचमीचा सवाल कुणी घेतला?" "अनंत चतुर्दशीचा सवाल कितीला गेला?" पुण्या-मुंबईत वाढलेल्या सुना हे ऐकून गोंधळतात. त्यांना सवाल म्हणजे प्रश्न एवढंच ठाऊक. आपल्याकडे मात्र सवाल म्हणजे मंदिरातली बोली. अभिषेकाचा पहिला कलश, शांतिधारा, आरती, पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणी होण्याचा मान, हे सवालावर ठरतं. श्वेतांबर बहिणींकडे यालाच बोली किंवा चढावा म्हणतात. त्यांच्या पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशलामातेच्या १४ स्वप्नांच्या बोल्या होतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे त्या तुपाच्या मणांत बोलतात. तूप कुणी आणत नाही. एका मणाचे किती रुपये धरायचे हे संघाचं आधीच ठरलेलं असतं.

माझ्या सासूबाईंना "सवाल कितीला गेला" हे मुळीच खपायचं नाही. त्या म्हणायच्या, "कितीला गेली हे वांग्यांचं विचारावं. सवाल कुणाला लाभला, असं विचार." बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, दिवा विझवला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. त्याच चालीवर देवाच्या दारात 'विकत' हा शब्द आणायचा नाही, हा त्यांचा नियम. आता विचार केला की वाटतं, त्या बरोबर होत्या. बाजारात पैसे मोजले की वस्तू आपल्या पिशवीत येते. सवालात पैसे देऊन घरी काय येतं? काहीच नाही. तो कलश आपण भगवंतांवर ढाळतो आणि रिकाम्या हातांनी परततो. म्हणून ती खरेदी नव्हे, ते दान आहे. फक्त ते चारचौघांत बोलून दाखवलेलं दान आहे.

बाजाराचा शब्द आपल्याकडे वेगळाच आहे, सौदा. हळदीचे सौदे, गुळाचे सौदे. आमच्या मामंजींची मार्केट यार्डात अडत होती. एकेक वक्कल पुढे यायचं, खरेदीदार हळद मोडून बघायचे, दर पुकारले जायचे आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, अशी म्हणच आहे, त्यामुळे तिथं बोलणं आलंच. पण मामंजी दशलक्षणात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय झाला की घरी सगळ्यांना अचौर्याचे अतिचार सांगायचे. चोरीला हात लावणारा माणूस पोसू नये, चोरीचा माल घेऊ नये, राज्याचे नियम मोडून व्यापार करू नये, मापात मारू नये, चांगल्यात हिणकस मिसळू नये. आपला धर्म सौद्याला नाही म्हणत नाही. सौदा कसा करावा ते सांगतो.

तिसरा शब्द लिलाव. हा पोर्तुगीजांकडून मराठीत आला. विदर्भात दिलेल्या माझ्या नणंदेकडे त्यालाच हर्रास म्हणतात. लिलाव तसा साधा शब्द आहे, भाजीचाही लिलाव होतो. पण घरात तो उच्चारला की आवाज आपोआप खाली जातो. आपण बोलतो कसं तेच बघा. सवाल आपण 'घेतो'. सौदा दोघांत 'ठरतो'. लिलाव मात्र कुणाच्या तरी घराचा, दागिन्यांचा 'निघतो'. त्यात ज्याची वस्तू असते, त्याला कुणी विचारत नाही.

हे तिन्ही शब्द आमच्या माहेरी एकाच कारणानं आले, म्हणून आज लिहिते आहे. मी दहावीत असताना गावच्या मंदिराचं पंचकल्याणक झालं. वडिलांनी मंडपात सवाल वाढवत नेला. "एक वार, दोन वार, तीन वार" झालं आणि आमचं नाव पुकारलं गेलं. आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिला रक्कम लाऊडस्पीकरवरूनच कळली. सगळ्या बायका तिला कुंकू लावायला धावल्या. दुसऱ्या दिवशी ती केशरी साडी नेसून, मुकुट घालून इंद्राणी झाली. खरं सांगते, फार सुंदर दिसत होती.

पैसे उसाच्या बिलातून भरायचे होते. त्या वर्षी ऊस वाळला. दिलेला शब्द तर मोडायचा नव्हता, सवालाची रक्कम ठेवून घेणं म्हणजे देवाचं देणं. म्हणून आईच्या पाटल्या आणि बोरमाळ एका पतसंस्थेत तारण गेली. मंदिराचे पैसे वेळेवर भरले. पतसंस्थेचे मात्र फिटले नाहीत. व्याज चढत गेलं, नोटीस आली, आणि एक दिवस आईचं सोनं लिलावात निघालं. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. मंदिरात दर्शनाला हात जोडायची तेव्हा त्या हातांत काचेच्याच बांगड्या असायच्या.

वडिलांची श्रद्धा खोटी नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. पण मंडपात चार नजरा वळतात तेव्हा श्रद्धेच्या शेजारी मानकषाय कधी येऊन बसतो ते कळत नाही. शेवटचे दोन आकडे बहुतेक वेळा तोच बोलतो.

ज्यांना सवाल घेणं जमत नाही, त्यांचं पुण्य कमी का? आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन मार्ग सांगितले आहेत. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि झालेल्याचा मनापासून आनंद मानणं. दुसऱ्याच्या हातून अभिषेक होताना ज्या बाईचे डोळे भरून येतात, तिलाही तो लाभतोच. आणि आहार, औषध, शास्त्र, अभय या चार दानांपैकी एकालाही सवाल लागत नाही. मुनिमहाराजांच्या आहारासाठी सोवळ्यानं चौका लावणारी बाई कुणाशी चढाओढ करते?

सवाल बंद व्हावेत असं मी म्हणत नाही. त्यावरच कितीतरी मंदिरं उभी आहेत, जीर्णोद्धार होतात, पाठशाळा चालतात. एवढंच म्हणते की या शब्दाचा मूळ अरबी अर्थ विचारणं असा आहे, आणि ते विचारणं आधी घरात व्हावं. आमच्याकडे आता श्रावणातच बसून ठरतं. हातात शिल्लक किती, त्यातली मंदिरासाठी किती, आणि कोणत्या आकड्याला थांबायचं. येणाऱ्या बिलावर, पिकावर, बोनसवर सवाल घ्यायचा नाही. घरच्या बाईच्या अंगावरचं सोनं या हिशेबात धरायचं नाही. यजमान तो आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतात. गेल्या वर्षी सवाल त्याच्या पुढे गेला, तर ते हसत खाली बसले आणि ज्यांना लाभला त्यांना पहिला हार यांनीच घातला.

आणि तुमचं सोनं आधीच तारण असेल, तर मैत्रिणींनो, पावती स्वतःजवळ ठेवा. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. लिलावाआधी रीतसर सूचना मिळणं हा कर्जदाराचा हक्क आहे, आणि कर्ज वळतं करून उरलेली रक्कम परत मिळणं हाही. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा पंचमीच्या आधी घरात एकदा विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

जय जिनेंद्र.